तीन खाडे

१२ नोव्हेंबर १९५६, सोमवार

साहेबांनी सकाळी आत बोलावलं आणि विचारलं, की गुरुवारी पहिल्या पाळीची माणसं ओव्हरटाइमला थांबत का नाहीत. मी म्हणालो, चौकशी करतो. ते म्हणाले, नुसती चौकशी नको, तारीखवार नोंद ठेवा. म्हणून ही वही घातली. माझ्या हातच्या नोंदीत खाडाखोड नसते, एवढं साहेबांनाही ठाऊक आहे.

मी दौलतराव, पिंपरीच्या बाटल्यांच्या कारखान्यात टाइमकीपर. दीड वर्ष झालं. गेटाशी माझी खिडकी आहे आणि खिडकीशेजारच्या फळ्यावर पितळी बिल्ले टांगलेले असतात. कामगार आत येताना आपला बिल्ला काढून पेटीत टाकतो. भोंगा झाल्यावर जे बिल्ले फळ्यावर लटकत राहतात, त्या नंबरांपुढे मी खाडा मांडतो, म्हणजे गैरहजेरीची फुली. रजा न घेता लागोपाठ तीन खाडे पडले की तांबड्या शाईची रेघ आणि नाव कमी. माझाही बिल्ला आहे, नंबर ९, आणि त्याच्यापुढे आजवर एकही फुली नाही. लोक पाठीमागे मला खाडेवाला म्हणतात. म्हणोत. कुणाचं तोंड बघून मी फुली मांडत नाही, यात माझं काय चुकलं?

घर चिंचवड गावठाणात, एक खोली आणि पडवी. माझी बायको मंजुळा एप्रिलपासून इथं आहे. त्याआधी ती बार्शीकडे गावीच असायची. ती इकडे का आली, ते लिहिणं या वहीचं काम नाही.

१५ नोव्हेंबर, गुरुवार

एकतीस माणसं साडेचारला निघाली. बिल्ला ११७ ला गेटाशी अडवलं. हा सावळाराम, चाकणकडच्या खेड्यातला, बाटल्या धुण्याच्या खात्यात आहे. म्हणाला, हजेरीला जातो. मी म्हटलं, इथं खाडे करायचे आणि तिकडे हजेरी लावायची, हा बरा न्याय आहे. तो हसला.

त्याने सांगितलं ते असं. चिखलीच्या रस्त्याला एक बंद पडलेली चुनाभट्टी आहे. तिथं गुरुवारी आणि रविवारी संध्याकाळी कोंडाजी नावाचा महाळुंग्याचा माणूस बसतो. लढाईत ब्रह्मदेशात होता, हवालदार होऊन परत आला. त्याच्या पलटणीतले पुष्कळ आले नाहीत. गावी आल्यावर तो सकाळी उठून त्यांची नावं पुकारायचा. लोक आधी हसले, मग हळूहळू आपापल्या माणसांची नावं त्याला सांगायला लागले. कुणाचं मेलेलं माणूस, कुणाचं घर सोडून गेलेलं. कोंडाजी नाव पुकारतो आणि घरचं माणूस त्याच्या वतीने 'आहे' म्हणतं. बस्स, एवढंच. अंगारा नाही, नारळ नाही, आरतीसुद्धा नाही.

सावळारामचा भाऊ विहीर खणताना दरड अंगावर येऊन गेला. मी विचारलं, नाव पुकारून त्याला काय मिळतं?

"त्येला काय मिळायचं, साहेब. पर आठवड्यातनं दोन डाव कुणीतरी त्येची वाट बगतं. मला बरं वाटतं."

शेरा: अडाणीपणा. साहेबांना असंच कळवायचं.

१८ नोव्हेंबर, रविवार

बाजारातून आलो तर दाराला कुलूप. दिवे लागल्यावर मंजुळा आणि शेजारच्या कुशाबाई बरोबरच आल्या. दोघींच्या पायांना घोट्यापर्यंत चुना होता. मला विचारायची गरज उरली नाही.

कुशाबाईचं मी समजू शकतो. तिचा नवरा नऊ वर्षांपूर्वी मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेला, तो गेलाच. पण मंजुळेने जावं? चौथी पास झालेली बाई. मी बोललो, जरा जास्तच बोललो. ती चूल पेटवत राहिली. शेवटी मी विचारलं, तिथं असं काय आहे, जे या घरात नाही?

"तिथं नाव घेतात," ती म्हणाली.

कुणाचं, ते मी विचारलं नाही. या घरात एक गोष्ट आम्ही बोलत नाही. बोलून कुणाचं भलं झालं नाही, म्हणून मीच तशी पद्धत घालून दिली आहे आणि ती आठ महिने नीट चालली आहे. मी तिला शपथ घातली, की पुन्हा भट्टीवर पाऊल ठेवायचं नाही. तिने मान हलवली.

२५ नोव्हेंबर, रविवार

गुरुवारी मंजुळा गेली नाही. आजही गेली नाही. दोन्ही वेळा पाच वाजता हातातलं काम टाकून पडवीत जाऊन बसली आणि अंधार पडल्यावर आत आली. स्वयंपाकाला काही कमी नाही. बोलणं मात्र कामापुरतं.

२७ नोव्हेंबर, मंगळवार

सावळारामकडून एक नवीन गोष्ट कळली. लागोपाठ तीन हजेऱ्यांना उत्तर आलं नाही, तर कोंडाजी ते नाव पुकारणं सोडतो. उत्तर घरच्याच माणसाने द्यायचं, दुसऱ्याचं चालत नाही. मी म्हटलं, वा, आमच्या कारखान्याचाच कायदा उचलला की. हसूही आलं.

पण दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही. दोन हजेऱ्या चुकल्या, परवा तिसरी.

हा तीन दिवसांचा नियम मी स्वतः पाळलेला आहे. मार्चमध्ये गुरुवारी दुपारी तार आली. तारेत 'ताप, निघा' एवढेच शब्द होते. माझी नोकरी तेव्हा कच्ची होती आणि कच्च्या माणसाला रजा नाही. शुक्रवार, शनिवार आणि परतायला सोमवार, म्हणजे तीन खाडे. हिशेब मी तारेच्याच पाठीवर मांडला. ताप तर सगळ्याच पोरांना येतो. शनिवारी पाळी संपवून निघालो, कुर्डुवाडीला गाडी बदलली, रविवारी दुपारी गावात पोचलो. मंजुळा ओट्यावर बसली होती आणि घरात फार माणसं होती. घटसर्प होता, शनिवारी पहाटेच सगळं आटोपलं होतं. सोमवारी मी खिडकीत हजर नव्हतो, पण तो एकच खाडा साहेबांनी आपणहून माफ केला.

एक खाडा माफ झाला म्हणजे दोनही झाले असते का, हे मी कुणाला विचारू?

२९ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांना अहवाल द्यायचा तर जागा डोळ्यांनी पाहायला हवी, म्हणून गेलो. मंजुळेला सांगितलं नाही.

शंभरएक माणसं भट्टीभोवती जमिनीवर बसली होती. आमच्या फळ्यावरचे कितीतरी नंबर होते. त्यांच्यापैकी निम्म्यांची नावं मला आज पहिल्यांदा कळली. कोंडाजी पन्नाशीचा, डोईला खाकी मफलर, एका डोळ्यात फूल पडलेलं. वहीतून नाव वाचतो, वर बघतो आणि थांबतो. घाई म्हणून नाही. समोरून 'आहे' आलं की मान हलवून पुढचं नाव.

मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. मग ते नाव आलं. नाव, माझं नाव, आडनाव, वय वर्षं चार. कोंडाजी थांबला. कुशाबाईने मागे वळून माझ्याकडे पाहिलं. कोंडाजी म्हणाला, ही तिसरी हाक, आणि पुन्हा नाव घेतलं.

मी 'आहे' म्हणालो. आवाज माझाच होता. मी तिथंच चुन्यात बसलो. शेजारच्या माणसाने माझा हात धरला. तो बिल्ला ६२ होता. ऑगस्टमध्ये मी त्याची रेघ मारली होती.

उठताना कोंडाजी सगळ्यांना म्हणाला, "हितं ज्येचं नाव घेतलं, त्येचं घरी घ्याचं न्हाई. दोनीकडनं हाक गेली तर त्यो यायचा कुटं?"

हे मला फार पटलं.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

मंजुळेला सांगितलं. ती रडली, मग डोळे पुसून तिने सांजा केला, जो आठ महिन्यांत केला नव्हता. जेवताना माझ्याजवळ सरकून म्हणाली, आता त्याचं नाव इथंही एकदा घ्या, माझ्यादेखत.

मी तिला कोंडाजीचा नियम सांगितला.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली. "मी तो कधीच पाळला नाही. तुम्ही कामावर गेलात की मी त्याला रोज हाका मारते."

माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, हे बरं नव्हे. तिने ताट उचललं.

९ डिसेंबर, रविवार

कोंडाजीची वही बघवत नाही. पानं भिजलेली, नावं कशीही, कुणाच्या पुढे किती हाका चुकल्या त्याचा पत्ता नाही. मी ती घरी आणून नवीन मोठ्या वहीत उतरवून काढली. उभ्या रेघा, तारखांचे रकाने, खाड्यासाठी फुली, कमी झालेल्या नावाला तांबडी रेघ. एकूण दोनशे बारा नावं. पहिल्या पानावर नियम लिहिले: उत्तर घरच्यानेच द्यावं; तीन खाडे झाल्यास नाव कमी; पुकारणाऱ्याने स्वतः उत्तर देऊ नये, नाहीतर कुणीही कुणाची हजेरी लावील.

कोंडाजी बराच वेळ पानं उलटत होता. म्हणाला, "आमी इतकं कदी धरलं न्हवतं, राव. याद ऱ्हायली तर ऱ्हायली." मी त्याला समजावलं, की नियम नसला की माणसं हलगर्जी होतात. लोकांना वही आवडली. एका म्हातारीने आपल्या मुलाच्या नावावरून बोट फिरवलं आणि मला नमस्कार केला. कारखान्यात दीड वर्षात कुणी माझ्या अक्षराला बरं म्हटलेलं नाही.

साहेबांना कळवलं: चौकशी चालू आहे.

२० डिसेंबर, गुरुवार

माणसं तिथं का जातात, हे मला आता समजलंय असं वाटतं. आमचा ११७ सकाळी येतो, बिल्ला टाकतो, संध्याकाळी जातो. तो आला नाही तर मी फुली मांडतो, पण तो का आला नाही असं मी विचारत नाही. कामगारांच्या खोल्यांमध्ये बाजूला राहणारा नगरचा, पलीकडचा रत्नागिरीचा. कोण कुणाच्या दारात जातो? भट्टीवर मात्र माणूस एकदा चुकला की दोघेजण घरी विचारायला येतात. आपलं कुणी मेलंय, हे तिथं सांगावं लागत नाही. सगळ्यांचंच कुणीतरी गेलेलं असतं. साहेबांना हे कळवायचं कसं, ते मात्र समजत नाही.

मंजुळा आता येत नाही. घातलेली शपथ मी मागे घेतली, तरी येत नाही. तुम्ही जाताय ना, मग झालं, म्हणते. आणि घरी, माझ्यासमोर, नाव घेऊन बोलते. त्याचं हे बंडीचं बटण, त्याचा तो भोवरा. मी उठून पडवीत जातो. तिला त्रास द्यायचा म्हणून नाही. नियम आहे.

३ जानेवारी १९५७, गुरुवार

कुशाबाई राजगुरुनगरला लेकीच्या बाळंतपणाला गेली आहे. तिच्या नवऱ्याच्या नावापुढे आज तिसरा खाडा पडला. मी तांबडी शाई काढली तसा कोंडाजी म्हणाला, वाईच थांबा, म्हातारी यील की पुढच्या आईतवारी. मी त्याला पहिलं पान दाखवलं. आज हिला सवलत दिली तर उद्या दुसऱ्याला द्यावी लागेल. तो पान बघून मागे सरकला. त्याला बोलता येत नाही अशातला भाग नाही, पण वही माझ्या हातात होती.

रेघ सरळ आली.

७ जानेवारी, सोमवार

कुशाबाई आली. पडवीत बसून तिने विचारलं, "रेग तुमी मारली का, दौलतराव?" मी होय म्हणालो आणि नियम समजावून सांगितला. ती भांडली नाही. म्हणाली, नवऱ्याचं नाव मला कधी घेता आलं नाही, आमच्यात बायका घेत नाहीत, कोंडाजी घ्यायचा आणि मी नुसतं 'आहे' म्हणायची. आता ते घेणारं कुणी नाही.

मंजुळेने तिला भाकरी वाढली आणि तिच्यासमोर बसून राहिली. ती गेल्यावर माझ्याकडे पाहिलं, पण रागाने नव्हे. भीती वाटल्यासारखं. मला वाईट वाटलं, हे खरं आहे. पण नियम मोडून कुणाचं भलं होतं?

१३ जानेवारी, रविवार

ठरलं. पौष पौर्णिमेला, बुधवारी, सतरा कुटुंबं महाळुंग्याला कोंडाजीच्या रानात राहायला जाणार. पलटणीसारखी रोज सकाळी हजेरी. कल्पना माझीच. आठवड्यातून दोनदा म्हणजे फार विरळ होतं.

नोकरीचं काय, असं मंजुळेने विचारलं. मी म्हटलं, राजीनामा द्यायची गरज नाही. तीन दिवस गेलो नाही की नाव आपोआप कमी होतं. हे बोलताना मला आतून एकदम हलकं वाटलं. मार्चमध्ये जे तीन दिवस मी त्याला दिले नाहीत, ते आता देतोय. असं मी तिला म्हणालोही.

"त्याला तेव्हा हवे होते," ती म्हणाली. "मी येणार नाही. तो आला तर घरी कुणी असायला हवं."

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. तिने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि एक वडी फळीवर वेगळी ठेवली.

१६ जानेवारी, बुधवार. महाळुंगे

थंडी फार. खोपटी उभी राहिली आहेत, ज्वारीचं रान चहूकडून आहे. कोंडाजीचा घसा बसलाय, म्हणून पुकारायचं काम माझ्याकडे आलं. सूर्य वर येताना सतरा घरांची नावं पुकारायला सुरुवात केली. आवाज चांगला लागला.

ते नाव आलं. पुकारलं. कोण उत्तर देणार? मंजुळा इथं नाही आणि पुकारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. ही गोष्ट मला आधी सुचली कशी नाही, ते समजत नाही. फुली मांडली.

१७ जानेवारी, गुरुवार

कोंडाजीला म्हटलं, आज तू पुकार. तोंडातून वारं येतंय नुसतं, म्हणाला. दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही. पुकारलं, थांबलो, सगळे माझ्याकडे बघत होते. दुसरी फुली. तिकडे फळ्यावर नऊ नंबरच्या बिल्ल्यापुढेही आज दुसरी फुली पडली असणार.

मंजुळा येईल असं वाटत होतं. संध्याकाळी रस्त्यावर जाऊन उभा राहिलो.

१८ जानेवारी, शुक्रवार. चिंचवड

आज सकाळी तिसरी हाक मी मारली. दोनदा मारली. जमेल तितका थांबलो. एक बाई डोळ्यांना पदर लावून बसली होती. कोंडाजी पुढे आला आणि त्या बसक्या घशाने म्हणाला, "मी 'हाय' म्हंतो. काय बिगडत न्हाई. रेग मारू नका."

पण तो घरचा नव्हे. मी तांबडी शाई काढली, दौतीचं बूच उघडलं. त्या नावावर मी रेघ मारायला निघालो होतो. मीच. मार्चमध्ये एकदा मारलीच होती, तारेच्या पाठीवर, शुक्र शनि सोम असा हिशेब करून. कुशाबाईचं तोंड आठवलं. बूच लावलं, वही कोंडाजीच्या मांडीवर ठेवली आणि सायकल काढली. कुणी अडवलं नाही. त्याने फक्त विचारलं, नाव ठेवू का? मी म्हटलं, ठेव, आणि कुशाबाईचंही परत लिही, माझं अक्षर नसेल चालत तर तुझ्या अक्षरात लिही. काय बोललो ते नीट आठवत नाही.

देहूजवळ सायकल खांद्यावर घेऊन इंद्रायणी ओलांडली. पाणी गुडघ्याएवढं होतं. कारखान्याकडे जायच्या फाट्यावर आलो तेव्हा दहाच्या भोंग्याला वीस मिनिटं होती. दहापर्यंत पोचलेल्याचा अर्धा दिवस धरतात आणि नाव वाचतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? मी गावठाणाच्या वाटेला लागलो. भोंगा घराजवळच्या चिंचेखाली ऐकला.

दार आतून लावलेलं होतं. कडी वाजवली. मंजुळेने विचारलं, कोण आहे?

मी नेहमी 'मी' म्हणतो. आजही तेच म्हणायला तोंड उघडलं.

"ज्योतीरामचा बाप," मी म्हणालो.

मग कडी निघाली. तिने माझ्या हातातली सायकल घेतली आणि भिंतीला टेकवून ठेवली. मला उंबऱ्यावरच रडू कोसळलं आणि मी ते नाव पुन्हा घेतलं, किती वेळा ते मोजलं नाही. पलीकडच्या दारात कुशाबाई उभी होती, ती आत निघून गेली.

दुपारी जेवताना मंजुळेने ताटात बोरं ठेवली. म्हणाली, ज्योतीला पिकलेल्यापेक्षा कच्ची बोरं आवडायची, तुम्हाला ठाऊक होतं का?

मला ठाऊक नव्हतं.